शेवटची जोडी उरली की मुसळ केरात: लॉर्ड हाऊ बेटावरची उंदीरमोहीम

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून साधारण 600 किलोमीटरवर टास्मान समुद्रात लॉर्ड हाऊ नावाचं छोटं बेट आहे. कायम वस्ती चारशेच्या आसपास, आणि एका वेळी पर्यटकही चारशेच. 1982 पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. तिथली सध्याची सर्वांत मोठी बातमी म्हणजे वुडहेन. पाणकोंबडीच्या कुळातला हा तपकिरी, उडता न येणारा पक्षी 1970 च्या दशकात जेमतेम वीस-तीस उरला होता. आज त्याची संख्या हजाराच्या वर गेली आहे.

याचं श्रेय बहुतेक वेळा 1980 च्या दशकातल्या पिंजऱ्यातल्या प्रजननाला दिलं जातं. ते अर्धंच खरं. तेव्हा तीन जोड्यांपासून पिल्लं वाढवली, रानटी डुकरं आणि मांजरं काढली, त्यामुळे वुडहेन वाचला. पण पुढची कित्येक वर्षं आकडा दोनशे-अडीचशेपाशी अडकून राहिला. तो खऱ्या अर्थाने उसळला 2019 नंतर, बेटावरच्या उंदरांवर मोहीम झाल्यावर.

छोटे घरउंदीर इथे एकोणिसाव्या शतकातच पोचले होते. काळे उंदीर उतरले 1918 मध्ये, मकॅम्बो नावाचं जहाज किनाऱ्याला लागलं तेव्हा. पुढच्या काही वर्षांत फक्त याच बेटावर असणारे पाच प्रकारचे पक्षी संपले. उपाय म्हणून 1920 च्या दशकात बाहेरून घुबडं आणून सोडली. घुबडांनी उंदीर खाल्ले तसे स्थानिक पक्षीही खाल्ले, आणि उंदीर होते तिथेच राहिले. पुढे कितीतरी दशकं सापळे आणि विष चालू होतं, तेही मुख्यतः केंटिया पाम या शोभेच्या झाडाच्या बिया वाचवण्यासाठी.

संख्या कमी ठेवणं आणि समूळ काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत. शंभरातले नव्व्याण्णव मारले तरी उरलेल्यांना खाणं भरपूर मिळतं, जागा मोकळी मिळते, आणि संख्या पुन्हा वाढून पूर्ववत होते. त्यामुळे समूळ काढायचे तर बेटावरच्या एकूण एक उंदरापर्यंत विष पोचलंच पाहिजे. सगळं नियोजन या एका अटीभोवती फिरतं.

विष होतं ब्रोडिफॅकम, धान्याच्या गोळ्यांत दशलक्षाला 20 भाग. ते यकृतात के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर थांबवतं, रक्त गोठेनासं होतं, आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. हा उशीर मुद्दाम हवा असतो. खाल्ल्याबरोबर त्रास झाला तर उंदीर त्या खाण्याला पुन्हा शिवत नाही. काम हिवाळ्यात केलं, कारण तेव्हा रानात खाणं कमी आणि उंदरांची पैदासही मंदावलेली. हवाई फेऱ्या दोन ठेवायच्या आणि मध्ये अंतर सोडायचं, म्हणजे पहिल्या वेळी बिळात दूध पिणारी पिल्लं बाहेर पडल्यावर त्यांनाही गोळी मिळते.

डोंगर आणि दाट रानावर हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या बादलीतून गोळ्या फेकल्या. जीपीएसवर पट्टे आखून घेतले, आणि शेजारचे पट्टे एकमेकांवर चढवायचे. माउंट गावर 875 मीटर उंच आहे आणि कडे सरळसोट. नकाशावर सपाट दिसणाऱ्या हेक्टरात उताराची जमीन कितीतरी जास्त असते. हे गणित चुकलं तर कड्यांवर गोळ्या न पडलेला पट्टा राहतो.

वस्तीत मात्र हेलिकॉप्टर चालत नाही. तिथे घराघरांत, परसात, जोत्याखाली कुलूपबंद डबे ठेवले, सुमारे 22,000. इतके डबे काळ्या उंदरासाठी लागत नाहीत, लागतात घरउंदरासाठी. तो आपल्या ठिकाणापासून फार लांब जात नाही, म्हणून डबे दहा-दहा मीटरवर. अशा मोहिमा बहुतेक याच ठिकाणी फसतात: एक बंद कोठार, एका घरमालकाचा नकार, किंवा कोंबड्यांचं सांडलेलं खाद्य, जे गोळीपेक्षा चविष्ट असतं. म्हणून गुरं-कोंबड्यांचा बंदोबस्त आधीच करावा लागला. 2015 मध्ये रहिवाशांचा कौल घेतला तेव्हा 52 टक्केच बाजूने होते. पोरं खेळतात तिथे विष ठेवायचं म्हटल्यावर लोक बिचकणारच. त्यांना अडाणी ठरवून काम झालं नसतं.

दुसरा धोका पक्ष्यांना. वुडहेन जमिनीवर टिपतो, म्हणजे गोळी उचलणारच. करावाँग हा मोठा काळा पक्षी मेलेला उंदीर खातो, म्हणजे विष दुसऱ्या हाताने त्याच्याकडे येणार. म्हणून दोनशेहून अधिक वुडहेन आणि शंभराहून अधिक करावाँग पकडून, सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयाच्या लोकांच्या देखरेखीखाली बेटावरच पिंजऱ्यांत ठेवले. गोळ्या कुजून धोका ओसरल्यावर त्यांना सोडलं.

एप्रिल 2021 मध्ये वस्तीत पुन्हा जिवंत उंदीर दिसले. तातडीने डबे आणि सापळे परत मांडले, कॅमेरे लावले, वास काढणारे कुत्रे फिरवले, आणि ती टोळीही संपवली. बेट उंदीरमुक्त म्हणायच्या आधी एकही उंदीर न दिसलेला दोन वर्षांचा शांत काळ मोजायचा असतो. तो घड्याळ शून्यावर आणून पुन्हा मोजावा लागला.

पाळत ठेवायची साधनं साधी आहेत. पन्हळी प्लास्टिकच्या पट्टीत शेंगदाण्याचं लोणी भरून झाडाला ठोकायचं, दातांच्या खुणा वाचायच्या. किंवा छोट्या बोगद्यात शाईची पट्टी आणि कागद, पावलांचे ठसे उमटतात. अडचण अशी की लोणी वाळतं, मुंग्या आणि गोगलगायी ते पळवतात, आणि खाणं मुबलक असेल तर एकटा उंदीर पट्टीकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून पट्टीवर खूण नाही याचा अर्थ उंदीर नाही असा घेऊ नये. प्रशिक्षित कुत्रा इथे वरचढ ठरतो. आणि खरा दरवाजा आहे पोर्ट मॅक्वारीहून येणारं मालवाहू जहाज: पॅलेट, गवताचे गठ्ठे, बांधकामाचं सामान बेटावर पसरण्याआधी बंद जागेत उघडून तपासायचं.

बाहेरून येतात ते फक्त उंदीर नाहीत, झाडांचे रोगही; म्हणून पर्यटकांच्या वाट्याला येतं बुटांचं काम. तळव्याच्या खाचांतली माती आधी ब्रशने पूर्ण काढायची, मगच जंतुनाशक मारायचं. चिखलावर फवारा मारला तर आतल्या बुरशीला तो पोचतच नाही. मर्टल रस्ट ही झाडांवर तांबेरा आणणारी बुरशी 2016 मध्ये बेटावर आढळली, काढली, आणि 2023 मध्ये पुन्हा सापडली. तिचे बीजाणू कपड्यांवर आणि टोपीवरही येतात, तेव्हा नुसते बूट धुऊन भागत नाही.

महाकाय काडीकिडा बेटावर अजून परत सोडलेला नाही. उंदरांनी बेटावरून संपवलेला हा कीटक 2001 मध्ये शेजारच्या बॉल्स पिरॅमिड या सुळक्यावर एका झुडपाखाली सापडला, आणि 2003 मध्ये तिथून आणलेल्या दोन जोड्यांपैकी एकीपासून मेलबर्न प्राणिसंग्रहालयाने त्याची पैदास केली. घाई न करणंच बरं. उंदीर परतले तर सोडलेले कीटक पहिले जातील.

एक दुखणं मात्र या मोहिमेच्या आवाक्याबाहेरचं आहे. फ्लेश-फूटेड शिअरवॉटर हे समुद्रपक्षी बेटावर बिळांत पिल्लं वाढवतात आणि समुद्रावर तरंगणारं प्लास्टिक आणून त्यांना भरवतात. कोमट पाणी पोटात सोडून ते बाहेर काढता येतं; 2025 मध्ये एकाच पिल्लातून 778 तुकडे निघाले. 2023 मध्ये संशोधकांनी या पक्ष्यांच्या जठरात प्लास्टिकमुळे होणाऱ्या व्रणांना प्लास्टिकोसिस असं नाव दिलं. वजन कमी असलेलं पिल्लू एप्रिल-मेमध्ये बेट सोडतं तेव्हा ते तगण्याची शक्यता आधीच घटलेली असते.