तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना घेऊन अंदमानला जावं का?

गेल्या डिसेंबरात आम्ही अंदमानला जाऊन आलो, तेव्हापासून ओळखीतलं कुणी भेटलं की हेच विचारतं. "सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. त्यांना काय कळलं असेल? मोठी झाल्यावर आठवणार तरी आहे का?"

जा, असंच मी सांगते. फक्त दिवस ओहोटी बघून आखा.

पहिल्या दोन दिवसांत आमचं चुकलंच. नाशिकहून निघून मुंबई, मग चेन्नई, मग पोर्ट ब्लेअर (सरकारी नाव आता श्री विजयपुरम), आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच हॅवलॉक बेटाची बोट. ती दोनेक तासांची, पण धाकट्याला अशी बोट लागली की उतरेपर्यंत त्यानं डोकं माझ्या मांडीवरून उचललं नाही. येताना डॉक्टरांनी दिलेलं औषध आधी दिलं, पोट रिकामं ठेवलं नाही, खालच्या मजल्यावर मधल्या जागा घेतल्या, आणि तो खेळत आला.

दुसरी चूक घड्याळाची. मुंबई आणि पोर्ट ब्लेअर यांत रेखांशाचे जवळजवळ वीस अंश आहेत, म्हणजे तिकडे सूर्य सरासरी ऐंशी मिनिटं आधी उगवतो आणि साधारण तितकाच आधी बुडतो. घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात पाच-सव्वापाचला सूर्य गेलेला असतो. चार वाजता चहा घेऊन निवांत हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर जायचं म्हटलं, तर वाळूचा किल्ला अर्धा होईतो अंधार पडतो. मुलांना सातला झोपवा आणि साडेपाचला उठवा. तिकडे ती आपोआप उठतातच.

आणि ओहोटी. माझं माहेर दापोलीकडचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आजोबांनी शिकवलेलं. चतुर्थीला तीनला भरती. पण हा ठोकताळा आपल्या किनाऱ्याचा, तिकडे तो लावू नका, तिथल्या नावाड्यालाच विचारा. नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपला, लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची मोठी कमान आहे. सगळे तिच्यापुढे फोटो काढतात. माझी मुलगी तिच्या अलीकडेच ओहोटीत उरलेल्या एका डबक्यापाशी बसली. परातीएवढं डबकं. त्यात करड्या रंगाची एक समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा प्राणी) पडलेली, कडेला नखाएवढे निळे मासे. "आई, हिचं तोंड कुठल्या बाजूला?" मला सांगता येईना. नावाडीदादांनी उकिडवं बसून, हात न लावता, बोटानं दाखवलं. ती तासभर तिथून हलली नाही. कमान तिनं पाहिली की नाही, मला खरंच माहीत नाही. पायात घट्ट बसणारे बूट मात्र हवेत, प्रवाळाचे खडक तळवा चिरतात. आणि मगरीचा इशारा देणारी पाटी दिसली की पोहणं बंद, तिथं मुलांचा हट्ट ऐकायचा नाही.

काही जणी दबक्या आवाजात विचारतात, "सेल्युलर जेल दाखवलंत? घाबरली नाहीत मुलं?"

दाखवलं. भगूर आम्हाला इतकं जवळ की मुलीनं सावरकरांचा वाडा आधीच पाहिलेला होता. तिला मी छळाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. एवढंच सांगितलं की 1896 ते 1906 अशी दहा वर्षं हे बांधत होते, सात इमारती होत्या, आता तीन उरल्यात, आणि एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे केलंय, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसायला नको. कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. तिनं ती पावलांनी मोजली. मग गजांतून हात बाहेर काढून कडी शोधायला लागली. कडी दारावर नाहीच. ती बाजूच्या भिंतीत, हात पोचणार नाही इतकी लांब, कोनाड्यात बसवलेली. खांद्यापर्यंत हात घालून, गाल गजाला दाबून तिनं किती वेळ प्रयत्न केला. माझा हात धरून बाहेर आली तेव्हा गालावर गजाचा वळ होता.

जिना उतरताना तिला सांगितलं की बाबाराव आणि तात्याराव सावरकर, दोघे सख्खे भाऊ, याच तुरुंगात होते आणि कितीतरी काळ त्यांची भेटही झाली नाही. ती गप्प झाली. मग धाकट्याचा हात तिनं धरला, तो थेट रिक्षापर्यंत सोडला नाही. त्याला अर्थातच काही कळलं नव्हतं, तो हात सोडवून घ्यायला बघत होता.

बाराटांगच्या गुहांना आम्ही गेलो नाही. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाडीच्या काचेतून माणसं बघायला मुलांना नेणं मला पटत नाही. तुम्ही तुमचं ठरवा.

आता शंखाचं. तिकडचे शंख आणि प्रवाळ उचलून आणता येत नाहीत, विमानतळावर सामान तपासतात. मुलीनं एक पांढरा, टोकाशी गुलाबी शंख खिशात घातला होता. कायदा सांगून ती ऐकेना. त्याच संध्याकाळी वाळूवर तिला एक खेकडा दिसला, अंगाला लहान झालेला शंख पाठीवर घेऊन चाललेला, अर्धा बाहेर. या खेकड्यांचं मागचं अंग मऊ असतं, वाढले की त्यांना मोठा शंख शोधावा लागतो, असं मी सांगितलं. तिनं काही न बोलता खिशातला शंख काढला आणि भरतीच्या रेषेच्या वर ठेवला, तोंड वर करून.

सकाळी उजाडताच मला ओढत घेऊन गेली. शंख तिथं नव्हता. लाटेनं नेला असेल, असं तिचे बाबा म्हणाले. "बाबा, लाट इथवर आलीच नाही," ती म्हणाली, आणि कोरडी वाळू हातात घेऊन दाखवली.