पाटीवरचा बैल

चीनमधल्या सुपरमार्केटात सवलतीच्या पाटीवर ‘थ-ज्या’ लिहिलेलं असतं, म्हणजे खास भाव. त्यातल्या ‘थ’ या अक्षराच्या डाव्या अंगाला बैल, म्हणजे बैलाचं चिन्ह, उभा आहे. अक्षराचा जुना अर्थच वळू. पुढे बळीसाठीचं एकच जनावर, त्यावरून वेगळं काढलेलं, मग ‘विशेष’. उजवा भाग आज ‘देऊळ’ असा वाचतात, म्हणून ‘देवळाला वाहिलेला बैल तो खास’ अशी व्युत्पत्ती ऐकायला मिळते. लक्षात ठेवायला सोपी, पण चूक. तो भाग उच्चारापुरता आहे. त्याला देऊळ हा अर्थ बौद्ध धर्म आल्यावर चिकटला, आधी तो सरकारी कचेरीचा शब्द होता.

लिहिताना घोळ होतो तो असा. एकटा बैल, म्हणजे ‘न्यौ’, ४ रेघांचा: डावीकडे उतरणारी छोटी तिरपी, दोन आडव्या, शेवटी उभी. तोच डाव्या अंगाला आला की उभी रेघ तिसरी येते आणि शेवटची आडवी खालून वर उचलायची. उभ्या रेघेचं डोकं वरच्या आडवीबाहेर निघायलाच हवं; नाही निघालं तर बैलाची ‘दुपार’ होते, म्हणजे दुपार या अर्थाचं वेगळंच अक्षर.

‘लाओ’ या अक्षरात बैल छपराखाली आहे. चीनमधल्या आन्यांगला सापडलेल्या, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शांग राजांच्या काळात कौल लावायला वापरलेल्या हाडांवर गोठ्याच्या चौकटीत कधी बैल दिसतो, कधी मेंढी. लिपीत टिकला बैल. हा गोठा बळीच्या जनावरांचा. बैल, मेंढी, डुक्कर असा पूर्ण नैवेद्य म्हणजे ‘थाइ-लाओ’, सम्राटाचा. बैल वगळला की ‘शाओ-लाओ’, मांडलिकांचा. आज ‘लाओ’ म्हणजे तुरुंग. जुना गोठा एका म्हणीत उरलाय: मेंढी गेली, गोठा दुरुस्त केला. आपलं ‘बैल गेला अन् झोपा केला’च, पण आपण हसतो तिथे चिनी माणूस धीर देतो: अजून उशीर झालेला नाही.

सर्वांत जपून वापरायचा शब्द ‘शीशंग’. दोन अक्षरं, दोन्हींत बैल: पहिलं एकाच रंगाचं निर्दोष जनावर, दुसरं अंगाने धड, अखंड. तैवान-हाँगकाँगमध्ये पहिल्याच्या २० रेघा, मुख्य भूमीवरच्या सोप्या केलेल्या लिपीत १०. तिथे उजवीकडे ‘पश्चिम’ बसवलंय, तेही नुसत्या आवाजासाठी. अर्थ आज ‘बलिदान’: सैनिक, आग विझवताना गेलेला जवान. ‘अपघातात दहा बळी’ या मथळ्यासाठी मात्र तो चालत नाही, तिथे ‘यू-नान’ म्हणतात. गंमत म्हणजे हीच दोन अक्षरं जपानीत ‘गिसेइ’ होतात आणि त्यापुढे ‘शा’ लागला की अर्थ होतो अपघातातला बळी.