एका माणसाला सात स्नेअर कशाला?

घरी आलेला माणूस आधी कपाटातल्या ड्रमकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत विचारतो, "सगळे सारखेच तर दिसतायत. वाजवताना एकच वाजवणार ना? मग सात कशाला?" आत्याने विचारलंय, सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय. ड्रम शिकायला लागलेल्या मुलांचा प्रश्न जरा वेगळा असतो, "दादा, पहिला कुठला घेऊ?" सगळेच विचारतात म्हणून सांगतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि त्यात मिरवण्यासारखं फार काही नाही.

एके काळी सात नव्हे, अकरा होते. त्यातले निम्मे तरी मी घेतले, कारण आधीचा मला लावता, म्हणजे सुरात आणता, येत नव्हता.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शाळेच्या बँडमध्ये गळ्यात अडकवून वाजवायचा तो साइड ड्रम आठवतो? स्नेअर त्याचाच भाऊ. ड्रमसेटमध्ये तो वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसतो. व्यास बहुतेक वेळा 14 इंच, उंची 5 ते 6.5 इंच. वरच्या पानावर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, काठी पडते. खालचं पान इतकं पातळ की जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही. त्या पानाला खेटून वीसेक पिळदार तारांची पट्टी असते. वर काठी पडली की या तारा खालच्या पानावर थरथरतात, तोच तो 'चर्र'. बाजूचं लिव्हर पाडलं की तारा सुटतात आणि मागे उरतो नुसता 'ठप्प'.

माझा पहिला मेरठचा होता. बँडची वाद्यं बनवणाऱ्या त्या गावातून देशभर साइड ड्रम जातात, तसाच एक आमच्या शाळेच्या अडगळीत पडला होता. पत्र्याचा, तारा गंजलेल्या. आवाज फरसाणाच्या डब्यात खडे टाकल्यासारखा. मला वाटलं, वाद्यच वाईट. म्हणून पहिल्या नोकरीच्या पैशांतून दुसरा घेतला, जपानी कंपनीचा, स्टीलचा. महिनाभर छान वाटला, मग तोही किरकिरायला लागला. मग लाकडी, मेपलचा, कारण कोणीतरी सांगितलं की लाकडाला ऊब असते. मग साडेतीन इंच उंचीचा पिकोलो, कारण तो कडक वाजतो म्हणे. (वाजतो खरा. दहा मिनिटांनी डोकंही तेवढंच कडक वाजतं.) मुंबईत धोबीतलावला फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात काठ्या घ्यायला जायचो आणि येताना आणखी एखाद्या ड्रमचं नाव डोक्यात घेऊन यायचो.

मधे एकदा चांगलाच फसलो. फोटो बघून 'पितळी शेल'चा (शेल म्हणजे ड्रमचं गोल अंग) ड्रम मागवला, वर कुरिअरचेही पैसे मोजले. घरी आल्यावर लेकीने फ्रिजवरचा मॅग्नेट सहज त्याला लावला, आणि तो टक्कन चिकटला. पितळेला मॅग्नेट चिकटत नाही, ॲल्युमिनियमलाही नाही. क्रोमखाली साधं स्टील होतं. तेव्हापासून जुना ड्रम बघायला जाताना खिशात गणपतीचं चित्र असलेला तो मॅग्नेट असतो.

दुसरी तपासणी ओट्यावर. दोन्ही पानं काढायची, शेल कडप्प्यावर ठेवायचं, आत टॉर्च लावायचा आणि खोलीतला दिवा घालवायचा. कडेखालून उजेड फुटला तर शेल वाकडं. मात्र तारांच्या बाजूची कड समोरासमोर दोन ठिकाणी मुद्दाम खोलगट केलेली असते, तारा पानावर नीट बसाव्यात म्हणून. तिथला उजेड हा दोष नाही. हे माहीत नसल्यामुळे मी एक चांगला ड्रम परत करून आलो होतो. त्याची हळहळ अजून आहे.

अकरावा आणला त्या पावसाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे तबल्याचे सर वर आले. मला वाटलं, आवाजाची तक्रार. ते म्हणाले, "वाजव रे, त्याचं काही नाही. पण तुझी घरं लागलेली नाहीत, ते ऐकवत नाही."

तबल्याच्या कडेला, वादीच्या मधे, सोळा घरं. सर प्रत्येक घर ऐकतात, गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या विणीवर, हातोडीचा हलका ठोका देतात, पुन्हा ऐकतात. माझ्या मेपलच्या स्नेअरला पान ताणणारे दहा स्क्रू. आयुष्यात कधी ड्रमची चावी हातात न धरलेल्या या माणसाने तारा सोडायला लावल्या, प्रत्येक स्क्रूच्या आत इंचभर बोटाने टिचकी मारली आणि सांगितलं, "हे उतरलंय. हेही. आणि याच्या समोरचं चढलंय." मग ड्रम उलटा केला. "याचं खालचं कधी लावलंस?" कधीच नाही. चार वर्षांत एकदाही नाही. मी वरचं पान आवळत होतो, आणि किरकिर आली की तारा आणखी आवळत होतो. तारा फार आवळल्या की खालच्या पानाचा गळा धरल्यासारखं होतं. त्याला थरथरायला जागाच उरत नाही.

दीड तासाने मेपलचा तो ड्रम असा बोलला की विकण्यासाठी टाकलेली त्याची जाहिरात मी त्याच रात्री काढून टाकली.

पुढच्या महिन्याभरात अकराही लावून काढले. लावल्यावर चार सारखेच वाजायला लागले, ते विकले. उरलेले सात नीट लावूनही वेगळे राहतात, म्हणून आहेत. मेरठचा त्यात आहे. नवं पान आणि नव्या तारा मिळाल्यावर तो खडबडीत पण प्रामाणिक बोलतो.

सगळ्यांत लाडका मात्र शिकागोत सुरू झालेल्या लुडविग कंपनीचा अ‍ॅक्रोलाइट. वांद्र्याच्या एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाकडून घेतला. उभं आयुष्य लग्नांत आणि नाताळच्या नाचांत वाजवलेला माणूस. पैसे मोजून घेतल्यावर एवढंच म्हणाला, "पॉलिश मारू नको." 1960च्या दशकात हा ड्रम निघाला तो शिकणाऱ्या पोरांसाठी. त्याच कंपनीचा सुप्राफोनिक मोठमोठ्या वादकांचा, पण दोघांचं ॲल्युमिनियमचं शेल एकच. सुप्राफोनिकला दहा स्क्रू आणि वर चकचकीत क्रोम, अ‍ॅक्रोलाइटला आठ आणि क्रोम नाही. आता गंमत बघा. ॲल्युमिनियमवर क्रोम धड धरत नाही, वर्षांनी त्याला पुळ्या येतात, पापुद्रे सुटतात. आमच्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस. माझ्या सुप्राफोनिकला देवी आल्यासारखे वण पडलेत, आणि हा गरीब भाऊ मळकट असला तरी धडधाकट आहे. आवाजाला त्या वणांनी काही होत नाही, पण ज्याला कपाटात चकाकी हवी त्याने समुद्रापासून लांब राहावं.

तेव्हा मुलांनो, पहिला कुठलाही घ्या, फक्त गोल असलेला घ्या. सोबत दहा रुपयांचा मॅग्नेट आणि एक चावी. दुसरा घ्यावासा वाटेल त्या दिवशी पहिल्याचं खालचं पान लावा आणि आठवडाभर थांबा.

आत्याला हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बरं, पण रात्री कपाट कुरकुरतं ते काय?" ते खरंय. तारांना कुठलाही आवाज पुरतो. मिक्सर, लिफ्ट, शेजारच्यांची शिंक. गणपतीत गल्लीच्या तोंडाशी ढोलाचा पहिला ठोका पडला की सातही एकदम चर्रर्र करतात. म्हणून आता ते सरळ ठेवतो, तारांची बाजू खाली, आणि सगळी लिव्हर पाडलेली. विसर्जनाच्या दिवशी गॅलरीत जाण्याआधी बायको विचारते, "गॅस बंद केलास? लिव्हर पाडलीस?"