कमी खर्चातल्या सुऱ्या: संच सोडला, दगड घेतला

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांवरच्या मागच्या नोंदीनंतर बरंच काही सरकलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. आजची स्थिती अशी: लाकडी ठोकळ्यात खोचलेला मोठा संच घ्यायचा विचार कायमचा रद्द. कामाच्या सुऱ्या तीनच. २० सेंटिमीटरची शेफ नाइफ, ९ सेंटिमीटरची छोटी सुरी आणि पावासाठी लांब करवती सुरी. वाचलेल्या पैशांतून धार लावायचा दगड आला.

संचाचं गणित सोपं आहे. तेवढ्याच पैशांत नग वाढवायचे तर प्रत्येक नगातलं पोलाद आणि घासकाम उतरणारच. शिवाय त्यातल्या निम्म्या सुऱ्या ठोकळ्यातून बाहेरही येत नाहीत. आपलं बरंचसं बजेट शेफ नाइफवर लावावं, कारण काम तीच करते. छोटी सुरी साधी चालते. करवती तर मुद्दाम स्वस्तातली घ्यावी: तिच्या दात्यांना घरी धार लावणं किचकट, त्यामुळे बोथट झाली की बदलायची.

पोलादाबद्दल मला बरेच प्रश्न आले होते. पात्यावर नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलेलं असेल तर त्यातून काहीही कळत नाही. स्टेनलेस म्हणवून घ्यायला साधारण १०.५ टक्के क्रोमियम पुरतं. चमचेसुद्धा स्टेनलेसच असतात, पण त्यांचं पोलाद बहुधा तापवून-थंड करून कडक होणाऱ्यातलं नसतं. धार टिकायला पुरेसा कार्बन लागतो आणि पाणी (म्हणजे तापवून थंड करणं) नीट दिलेलं लागतं. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने न गंजणारं पोलाद ओतलं, तेव्हा तिथले सुरीवाले 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा' म्हणून त्याची टर उडवायचे. नव्या पोलादाला पाणी कसं द्यायचं ते बसायला वेळ लागला, एवढंच.

कमी बजेटमध्ये हमखास भेटणारं नाव म्हणजे एक्स५०सीआरएमओव्ही१५, उर्फ १.४११६. जवळपास ०.५ टक्के कार्बन, १५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. व्हिक्टोरिनॉक्सच्या साध्या प्लॅस्टिक मुठीच्या सुऱ्या आणि बऱ्याच जर्मन सुऱ्या याच्याच. रॉकवेल कडकपणा (पोलाद किती कडक आहे याचं माप) ५५ ते ५८ मध्ये येतो. म्हणजे धार लवकर उतरते, पण दगडावर पटकन परतही येते, आणि पातं पडलं-आपटलं तरी टवका उडण्याऐवजी धार दुमडते. व्हीजी-१० सारखं जपानी पोलाद ६० च्या घरात जातं. धार जास्त टिकते, पण हाडावर किंवा गोठलेल्या मांसावर चालवलं की कडेचे बारीक तुकडे उडतात. पहिल्या सुरीला माझं मत १.४११६ लाच. पोलादाचं नाव किंवा कडकपणा यातलं काहीच विक्रेता सांगत नसेल, तर ती सुरी मी खाली ठेवते.

पात्यावरच्या लाटालाटांच्या नक्षीवर मात्र पैसे घालवू नका. स्वस्त सुरीवर ती बऱ्याचदा लेझरने कोरलेली असते. खरोखर थरांची असली तरी थर बाहेरच्या अंगाला असतात. कापणारी कड मधल्या गाभ्याची. घडीव विरुद्ध पत्र्यातून कापलेली हा वादही मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पत्र्यातून कापलेली चांगली सुरी हलकी आणि पातळ असते, मला तर तीच आवडते. घडीव घेत असाल तर मुठीलगतचा जाड भाग पार टाचेपर्यंत (धारेच्या मुठीकडच्या टोकापर्यंत) उतरलेला नाही ना, ते बघा. तो उतरलेला असला की टाच दगडावर नीट बसत नाही, आणि धार लावून लावून तिथे खोलगट बाक पडतो.

हातात घेऊन बघायच्या गोष्टी: पातं डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरून पाठीवरून नजर टाका, वाक लगेच दिसतो. टाचेकडून बघा, पाठीपासून धारेकडे ते किती निमुळतं होतंय. पाठीच्या कडा तीक्ष्ण असतील तर पात्याला चिमटीत धरल्यावर तर्जनीला टोचतात (पॉलिश पेपरने त्या मोडता येतात, म्हणून एवढ्यावरून सुरी नाकारू नये). मूठ आणि पात्याच्या सांध्यात नख शिरत असेल तर तिथे पाणी आणि घाण शिरणारच.

आता या नोंदीतली खरी मजा. घरात एक जुनी जाड सुरी पडून होती. दगडावर फिरवून ती कागद सर्रकन कापायची, पण गाजरात अडकायची. पाव अंतर गेली की 'टक्' आवाज, आणि गाजर पुढे आपोआप फाटायचं. कापलेली बाजू बघितली तर वरचा भाग गुळगुळीत आणि खालचा खरबरीत, लाकूड चिरल्यासारखा. धार तिथवर पोचलेलीच नसायची, पात्याची जाडीच पाचरीचं काम करत होती. व्हर्नियर लावून मोजलं: कडेच्या जरा मागे ०.७ मिलिमीटर. माझ्या शेफ नाइफची तिथली जाडी ०.३.

मग ४०० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचा आकडा, जितका मोठा तितका दाणा बारीक) दगडावर पातं जवळजवळ आडवं ठेवून दोन्ही बाजू घासायला घेतल्या. कंटाळवाणं काम आहे. दगडावर काळा गाळ जमतो, बोटांची टोकं झिजतात, आणि पात्यावर ओरखडे इतके पडतात की बघवत नाही. जाडी ०.४ वर आल्यावर थांबले. तीच सुरी, तेच पोलाद, आणि गाजराच्या चकत्या आता आवाज न करता पडतात. पोलादाच्या नावापेक्षा कडेमागच्या जाडीवर आपण जास्त बोलायला हवं, हे माझं मत यामुळे पक्कं झालं.

रोजच्या धारेसाठी १००० ग्रिटचा एक दगड पुरतो. ३००० किंवा ६००० चा हौसेचा. कोनाचा गोंधळ असा सोडवलाय: पात्याची उंची (पाठीपासून धारेपर्यंत) गुणिले ०.२६ केलं की प्रत्येक बाजूला १५ अंशांसाठी पाठ दगडापासून किती उचलायची ते मिळतं. ४५ मिलिमीटर उंचीच्या पात्याला जेमतेम १२ मिलिमीटर. तेवढ्या उंचीचा नाण्यांचा थर शेजारी ठेवून नजर बसवायची. कडेला काळा मार्कर फासून दोन-चार हात मारले की कळतं: शाई कडेवर तशीच राहिली तर पाठ आणखी उचला, वरच्या अंगाला राहिली तर थोडी खाली घ्या.

बर नीट ओळखता येणं ही या वेळची कमाई. एका बाजूने घासलं की दुसऱ्या बाजूला कडेवर धातूची सूक्ष्म तार उभी राहते, तीच बर. अंगठा पाठीकडून धारेकडे सरकवत कडेबाहेर न्यायचा (कडेच्या लांबीने कधीच नाही), ती किंचित खरवडते. टाचेपासून टोकापर्यंत सलग लागली तरच बाजू पलटायची. शेवटी दाब कमी करत करत, एक हात इकडे एक तिकडे असं करून बर काढायची. ती राहून गेली तर सुरी पहिल्या दिवशी भन्नाट चालते आणि लगेच बोथट वाटते.

होनिंग रॉड (धार सरळ करायची दांडी) मी मऊ पोलादावरच वापरते. दुमडलेली कड त्याने सरळ होते, म्हणून दगडाची पाळी लांबते. कडक जपानी पात्याला सिरॅमिकचा बरा. खाचेतून ओढायची यंत्रं मला पटत नाहीत, ती कोन स्वतःच ठरवतात आणि धातू ओरबाडतात. बाकी नेहमीचंच: काचेच्या किंवा दगडी पाटावर कापायचं नाही, डिशवॉशरमध्ये टाकायची नाही, धुऊन लगेच पुसायची.

सध्याची अडचण दगडाची आहे. १००० चा मधोमध खोलगट झालाय, पेन्सिलने चौकटी आखून घासलं की कडांच्या रेघा पुसल्या जातात आणि मधल्या तशाच राहतात. सपाट काचेवर ओला पॉलिश पेपर चिकटवून काम चालवतेय, पण पेपर फार खपतो. डायमंड प्लेट (दगड सपाट करायची, हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी) घेतलेल्यांनी सांगावं, स्वस्तातली किती टिकते? ते मार्गी लागलं की पुढची नोंद कार्बन स्टीलच्या सुरीची असेल.