तिसऱ्या मजल्यावरचा छज्जा आणि दोराचं दुसरं टोक

दादरमधल्या आमच्या जुन्या इमारतीत बेडरूमच्या खिडकीवरचा छज्जा गळत होता. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, तो दुरुस्त करून घेतला. काम दीड दिवसाचं. परांची आणि दोर लावायला दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस देणंच योग्य होतं.

पहिली अट: छज्ज्यावर कोणी उभं राहायचं नाही. छज्जा एकाच बाजूने भिंतीत अडकलेला असतो, म्हणून त्याच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. वर भेग पडली की पाणी थेट सळीपर्यंत जातं. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळी लवकर गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. खालून छज्जा धड दिसतो, पण वजन पडलं की भिंतीलगत तुटतो. हातोडीने ठोकल्यावर आमच्याकडे अर्ध्या भागात पोकळ आवाज आला. खिडकीबाहेरच्या ग्रिलवरही पाय नको. ती भिंतीत गिट्टी (भोकात ठोकलेला प्लग) आणि स्क्रूवर तोललेली असते.

परांचीचे बांबू सुके, बिनभेगांचे घेतले. ती ग्रिलला न बांधता खिडकीतून आत, भिंतीमागे आडव्या टाकलेल्या बांबूला बांधली. दोन फळ्या शेजारी शेजारी, दोन्ही टोकांना बांधलेल्या. नुसती ठेवलेली फळी टोकावर पाय पडला की उलटते. कमरेच्या उंचीवर आडवा बांबू.

यानंतरचा प्रश्न अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याचा. कमरेचा पट्टा नाकारला, कारण पडताना सगळा झटका कणा आणि पोटावर बसतो. खांदे व मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस घेतला, पाठीवर कडी असलेला. मिस्त्री म्हणाले, "पट्टा आहे ना साहेब, मग काय!" त्यांना हिशेब करून दाखवला. दोन मीटरची दोरी, झटका शोषणारा भाग उघडून पावणेदोन मीटर, कडीपासून तळव्यापर्यंत दीड, शिवाय एक मीटर राखीव. म्हणजे अडकवल्या जागेपासून खाली सव्वासहा मीटर मोकळं हवं. आमच्याकडे तीन मीटरवर खालच्या मजल्याचा छज्जा होता. पट्टा घालूनही माणूस त्याच्यावर आदळला असता.

म्हणून गच्चीवरून १६ मिलिमीटरचा स्वतंत्र नायलॉन दोर सोडला आणि त्यावर रोप ग्रॅब, म्हणजे दोरावर सरकणारी आणि झटका बसताच दोर पकडणारी चाप, लावला. हार्नेसपासूनची जोडदोरी हातभर, ग्रॅब नेहमी खांद्याच्या वर. पाय घसरला तरी पडणं फारच थोडं. दोर गच्चीच्या कठड्याला बांधला नाही. साडेचार इंची विटांचा कठडा झटक्याने उखडू शकतो. पाण्याचे पाइप, डिशचा खांबही नाही. लिफ्टच्या खोलीच्या आरसीसी खांबाला पट्ट्याचा वेढा घालून त्यात अडकवला. कठड्याच्या काठावर दोर घासू नये म्हणून जुन्या होजपाइपचा तुकडा चिरून खाली घातला. हे टोक मी रोज सकाळी स्वतः पाहायचो.

काम सकाळी आठ ते बारा. दुपारी पश्चिमेचा वारा वाढतो. खिडकीजवळच्या एसीचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद. हातोडी, छिन्नी मनगटाला सुतळीने बांधलेली, खाली जाळी आणि फाटकाकडची वाट दोर लावून बंद.

एक तयारी बहुतेक सगळे विसरतात: लटकलेल्या माणसाला आत कसं घ्यायचं? हार्नेसमध्ये निश्चल लटकल्यावर मांडीच्या पट्ट्यांमुळे पायातलं रक्त वर यायला अडचण होते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दलाचा १०१ क्रमांक हाताशी असला तरी तोवर थांबता येत नाही. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना आधीच सांगून त्यांच्या ग्रिलची झडप उघडी ठेवली. गच्चीवर एक माणूस काम संपेपर्यंत बसून होता.

परांची वरून खाली सोडली. शेवटची गाठ सुटेपर्यंत हार्नेस अंगावरच राहिला, आणि गच्चीवरचा दोर सगळ्यात शेवटी काढला.