शंभराला तीन कमी

पंच म्हणजे बोट वर करणारा माणूस, असं लोकांना वाटतं. खरं काम पायांचं. फटका बसला की गोलंदाजाच्या टोकाच्या पंचाने बाजूला पळत जाऊन क्रीजच्या सरळ रेषेत यायचं आणि बॅट आत टेकली का ते पाहायचं. चेंडूमागे मान वळवत बसणाऱ्याला शॉर्ट रन, म्हणजे बॅट आत न टेकताच घेतलेला रन, कधीच दिसत नाही. मुंबईच्या मैदानांवर असे पंच पुष्कळ आहेत.

मुंबईतल्या क्लबांच्या कांगा लीगचा सामना होता, पंच मी. ही लीग 1948 पासून ऐन पावसाळ्यात खेळतात. खेळपट्टी उघडी, गवत वाढलेलं. सणसणीत ड्राइव्हसुद्धा गवतात मरतो, म्हणून रन पळूनच काढावे लागतात. इथे शतक झालं तर क्लबात वर्षानुवर्षं त्याच्या गोष्टी सांगतात.

पोरगा 97 वर. जिंकायला एक हवा. क्षेत्ररक्षक सगळे जवळ आणलेले. त्याने कव्हरमधून चेंडू काढला आणि पळाला. माझ्या टोकाला त्याची बॅट टेकली, तिकडे जोडीदारही पोचला होता. चेंडू मात्र अजून गवतातून रांगत होता. त्यानंतर कुठे त्याने चुन्याची रेघ ओलांडली.

स्कोअररने चौकार लिहिला. नाबाद 101, टाळ्या, मिठ्या. मी टेबलापाशी जाऊन सांगितलं, चार नाही, एक.

एरवी पळता पळता चेंडू सीमेपार गेला तर चार मिळतात. पण जिंकण्यापुरता रन पूर्ण झाला की नियम 16 प्रमाणे सामना तिथेच संपतो. पुढचं काहीच धरत नाहीत. 2010 साली दांबुल्लात सेहवाग 99 वर असताना भारताला एकच रन हवा होता. श्रीलंकेच्या सूरज रणदिवने नो-बॉल टाकला, सेहवागने तो षटकार मारला. नो-बॉलच्या रनने सामना आधीच संपला होता, सेहवाग 99 वरच राहिला. जिंकून देणाऱ्या त्या रनसाठी कुणाला पळावंही लागलं नव्हतं.

पोराच्या संघाच्या प्रशिक्षकाने आवाज चढवला. आयुष्य मैदानावर काढलेला माणूस, पण नियमांचं पुस्तक उघडलेलं दिसलं नाही. समोरचा कर्णधार म्हणाला, "द्या हो सर, आमची हरकत नाही." जणू रन त्याच्या खिशातले होते. स्क्वेअर लेगच्या माझ्या सहकाऱ्याने रन आधी पूर्ण झाल्याचं मान्य केलं आणि मग हळूच म्हणाला, "चार दिले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं?" याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. स्कोअरबुकात खोटं लिहिलं गेलं असतं एवढंच म्हणता येतं, आणि ते त्याला पटलं नाही.

पोरगा भांडला नाही. पॅड सोडता सोडता त्याने विचारलं, "सर, मी पळालोच नसतो तर?"

"तर चार."

"म्हणजे 101."

"हो. पण रेघेच्या अलीकडे कुणी अडवला असता तर तो एकही गेला असता."

"तिकडे कुणी नव्हतंच, सर."

नव्हतं खरं.