पुलापलीकडचं पेट्रोल

मे 2025. धाकटा भाऊ जर्मनीत ट्रिअरला राहतो, त्याच्याकडे तीन आठवडे मुक्काम होता. शनिवारी सकाळी लक्झेंबर्ग बघायला निघालो. गाडीत बसलो तर पेट्रोलचा काटा पार खाली टेकलेला आणि लाल दिवा लागलेला. मी म्हटलं, अरे, आधी पेट्रोल तरी भर. तो हसला. "टाकी मुद्दाम खाली ठेवलीय रे दादा. पुलापलीकडे भरायची."

मी सावंतवाडीचा. हे वाक्य मी आमच्या बाबांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं आहे. फक्त त्यांचा पूल नव्हता, गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका होता.

मोझेल नदीच्या कडेने रस्ता जातो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावर द्राक्षांच्या ओळी. वाटेत इगेल नावाचं गाव लागतं. तिथे रोमन काळातला 23 मीटर उंचीचा दगडी स्तंभ रस्त्यालगतच उभा आहे. कापडाचा व्यापार करणाऱ्या सेकुंदिनी घराण्याचं हे स्मारक. त्यावर गाड्या आणि मालाची वाहतूक कोरलेली आहे. म्हणजे या रस्त्याने माल इकडून तिकडे जायला लागून सतराशे वर्षं तरी झाली. पाच मिनिटं थांबून फोटो काढले आणि पुढे निघालो.

इगेलनंतर थोड्याच वेळात झाउअर नदीवरचा छोटा पूल येतो. पूल ओलांडला की देश बदलतो. ना नाका, ना फाटक. त्या दिवशी जाताना कुणी हटकलंही नाही. आणि पलीकडे पाय टाकताच पेट्रोल पंप! एक नाही, दोन नाहीत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना रांगच. गावाचं नाव वासरबिलिश (Wasserbillig). स्पेलिंगमधल्या 'बिलिग'चा जर्मन अर्थ 'स्वस्त', पण तो निव्वळ योगायोग. गाव पेट्रोलच्या कितीतरी आधीचं आहे.

बहुतेक गाड्यांच्या पाट्या जर्मन. शेजारच्या पंपावर एक आजोबा गाडी भरून झाल्यावर डिकीतून कॅन काढून तोही भरत होते. भाऊ म्हणाला, टाकीशिवाय वीस लिटरपर्यंतचा एक कॅन नेला तर जर्मनीत त्यावर कर लागत नाही. इथे पंपावर पोऱ्या नसतो, "झिरो बघा" म्हणणारं कुणी नसतं. नोझल आपणच उचलायचं, आपणच भरायचं आणि आत जाऊन पैसे द्यायचे. आत सिगारेटची पाकिटं आणि कॉफीच्या पिशव्यांचे ढीग. तीही इथे स्वस्त, म्हणून लोक पेट्रोलबरोबर पोती भरल्यासारखी नेतात.

सकाळी ट्रिअरमध्ये पाटीवर लिटरला 1.70 युरोच्या आसपास भाव होता. इथे 1.43 च्या आसपास. 42 लिटर भरलं, अकरा युरो वाचले.

तेल तेच, गाडी तीच, अंतर पंधरा किलोमीटरच्या आत. मग फरक कशाचा? मुख्यतः कराचा. जर्मनीत तेव्हा लिटरमागे 65.45 सेंट ऊर्जा कर होता. हा आकडा 2003 पासून बदललेला नव्हता. अपवाद एकच, 2022 च्या जून ते ऑगस्टमध्ये युक्रेनच्या युद्धामुळे भाव भडकले तेव्हा सरकारने तो तात्पुरता 29.55 सेंटने उतरवला होता. त्यावर धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवरचा आकार, 2025 मध्ये टनाला 55 युरो, म्हणजे पेट्रोलच्या लिटरला साधारण 13 सेंट. आणि या सगळ्या बेरजेवर 19 टक्के व्हॅट. 1.70 मधले एक युरोहून जास्त सरकारचे. युरोपीय संघाने पेट्रोलवरच्या कराची किमान मर्यादा लिटरला 35.9 सेंट ठरवली आहे. त्याच्या वर किती जायचं ते ज्या त्या देशाने बघायचं. लक्झेंबर्गने हात आखडता ठेवला. व्हॅटही 17 टक्केच. तिथेही 2021 पासून कार्बन कर आहे आणि तो दरवर्षी वाढतो आहे, तरी दरी अजून बुजलेली नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. जर्मनीत तेव्हा भाव दिवसातून अनेकदा बदलायचा, सकाळी चढा, संध्याकाळी उतरलेला. भाऊ ॲप उघडून बघत बसायचा. लक्झेंबर्गमध्ये सरकार कमाल भाव ठरवतं, त्यामुळे त्या रांगेतल्या सगळ्या पंपांवर एकच आकडा. घासाघीस नाही, शोधाशोध नाही.

पण या स्वस्ताईची दुसरी बाजूही आहे. या एवढ्याशा देशात विकलं जाणारं बरंचसं इंधन परक्या गाड्यांत जातं, आणि आंतरराष्ट्रीय हिशेबात धूर मोजला जातो तो इंधन जिथे विकलं त्या देशाच्या नावावर. ते आजोबा कॅन घेऊन ट्रिअरला जातील, धूर तिकडे होईल, नोंद मात्र लक्झेंबर्गच्या खात्यात.

गाडी वासरबिलिशच्या स्टेशनवर लावली आणि आगगाडीने राजधानीला गेलो. तिकीट काढायला खिशात हात घातला तर भावाने अडवलं. 29 फेब्रुवारी 2020 पासून तिथे बस, ट्राम, आगगाडीचा दुसरा वर्ग, सगळं फुकट. परदेशी पाहुण्यालाही.

परतताना गाडीत बसल्यावर मी रुपयांत गणित मांडलं. ट्रिअरचं पेट्रोल लिटरला 160 रुपयांच्या वर, आमचं 105. आपण स्वस्त, असं वाटून क्षणभर बरं वाटलं. मग भावाने जर्मनीतलं किमान वेतन सांगितलं, 2025 मध्ये ते तासाला 12.82 युरो होतं. एका तासात साडेसात लिटर. आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात तेव्हा दिवसाला 312 रुपये होती. अख्ख्या दिवसाच्या घामाचं तीन लिटरही पुरतं येत नव्हतं. त्यानंतर बराच वेळ मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पत्रादेवीची गोष्ट याच जातीची. एप्रिल 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट 20 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आणला आणि भाव एकदम अकरा रुपयांच्या आसपास उतरला. बाबा तेव्हा स्कूटर घेऊन बांद्याला काहीतरी काम काढायचे आणि तसेच पुढे जाऊन टाकी फुल्ल करून यायचे. पुढे गोव्याने कर हळूहळू वाढवला, फरक कमी झाला, पण मिटलेला नाही. महाराष्ट्रात आमच्या भागात व्हॅट 25 टक्के आणि वर लिटरला 5.12 रुपये. टक्क्यांतला कर मला मुळातच अन्यायाचा वाटतो. कच्चं तेल महागलं की जर्मनीचा ऊर्जा कर जागच्या जागी राहतो, आपला व्हॅट मात्र आपोआप फुगतो. शिवाय तो केंद्राच्या उत्पादन शुल्कावरही लागतो. करावर कर तिकडेही आहे, पण निदान पावती तरी बोलते. वासरबिलिशच्या पावतीवर व्हॅट वेगळा छापला होता, 17 टक्के, पावणेनऊ युरो.

परत आल्यावर जूनमध्ये गावातल्या पंपावर हजाराचं पेट्रोल भरलं आणि पावती मागितली. पोऱ्याने दिली. दर, लिटर, रक्कम, धन्यवाद. कराचा शब्द नाही. घरी येऊन पेन्सिलीने हिशेब केला. केंद्राचे 21.90 आणि राज्याचे साधारण 25, मिळून लिटरला 47 रुपये. हजारातले साडेचारशे. पावतीच्या कोऱ्या बाजूवर तेवढं लिहिलं आणि वासरबिलिशच्या पावतीशेजारी वहीत चिकटवून ठेवली.